दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र आलें. हा गृहस्थ वीस-बावीस वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत मराठ्यांच्या इतिहासाचा अभ्यास करीत होता. आज तो स्वतः एका जिल्ह्याच्या ठिकाणीं तोच विषय शिकवितो. ‘एकदां येऊन माझ्या वर्गांत बसा’ असा त्याचा आग्रह होता, आणि अशा आमंत्रणाचा मोह अध्यापकाला आवरत नाहीं हें कबूल करावयास हरकत नाहीं. आम्ही गेलों आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसलों. विषय होता नारायणराव पेशव्यांचा खून.

व्याख्यान उत्तम झालें. दिनांक ३० ऑगस्ट १७७३ रोजीं थकलेल्या पगाराचें निमित्त करून शनिवारवाड्यांत शिरलेले गारदी, अठरा वर्षांचा पेशवा, जीव वांचविण्यासाठीं त्यानें चुलत्याला मारलेली मिठी, हें सारें त्यानें मुलांच्या डोळ्यांपुढें उभें केलें. मग त्यानें फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘धरावे’ असा शब्द लिहिला, क्षणभर वर्गाकडे पाहिलें, आंगठ्यानें पहिलें अक्षर पुसलें आणि त्या जागीं ‘मा’ काढला. सगळा वर्ग स्तब्ध झाला. कोणी वहींत लिहीत नव्हतें. लिहिण्याची गरजच नव्हती. तेवढ्यांत घंटा झाली.

तो आंगठा आमचा होता. ‘ध’ पुसण्याची ती युक्ति आम्हीं त्याच्या वर्गांत केली होती, आणि त्यापूर्वीं व त्यानंतरहि अनेक वर्गांत केली होती. परंतु आमच्या तासांत ती पहिल्या दहा मिनिटांची गोष्ट असे. उरलेला वेळ आम्ही एकच प्रश्न घेऊन बसत असूं: हें आपल्याला कोणीं सांगितलें? रघुनाथरावानें नारायणरावास धरण्याची लेखी अनुज्ञा दिली होती, त्या कागदांतील ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ करण्यांत आलें, आणि हें कृत्य आनंदीबाईचें असा सार्वत्रिक समज आहे, असें ग्रँट डफ आपल्या मराठ्यांच्या इतिहासांत लिहितो. त्याचा ग्रंथ १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनीं. ज्या चिठ्ठीवर ही सारी कथा उभी आहे ती चिठ्ठी कोणा संशोधकाच्या हातीं आलेली नाहीं. गारद्यांचा हल्ला खरा, रघुनाथराव कटांत असल्याचा रामशास्त्र्यांचा ठपका खरा. पण ती दोन अक्षरें आणि तीं बदलणारा हात यांना पुरावा काय, हें मुलांनीं विचारावें म्हणून आम्ही ‘ध’ पुसत होतों. गोष्ट हें आमिष होतें. प्रश्न हा गळ होता.

चहाच्या वेळीं तो अत्यंत कृतज्ञतेनें म्हणाला, “सर, तुमचें तें व्याख्यान मी जन्मांत विसरणार नाहीं.”

“आणि त्याच्या पुढचा भाग?” आम्हीं विचारलें.

“पुढचा कोणता, सर?”

आमिष गिळलें गेलें होतें आणि गळ पाण्यांतच राहिला होता. परतीच्या गाडींत आम्हांस आधीं त्याचा राग आला आणि मग स्वतःचा आला. वर्षाला साठ-सत्तर मुलें याप्रमाणें वीस वर्षांत किती जणांना आम्हीं हा आंगठा दाखविला असेल, आणि त्यांतील किती जणांनीं तो आपल्या मुलांना अथवा विद्यार्थ्यांना दाखविला असेल, याचा हिशेब करूं नये हें बरें. एका स्त्रीच्या माथ्यावर अडीचशें वर्षें एक अक्षर बसून आहे. रघुनाथरावाची ती महत्त्वाकांक्षी पत्नी होती, आणि तिची वकिली करण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु पुराव्याची उलटतपासणी शिकवूं पाहणाऱ्या माणसाकडूनच तो आरोप पिढ्यान्‌पिढ्या पक्का व्हावा, ही गोष्ट पचण्यासारखी नव्हे.

अध्यापनशास्त्रावरील कोणतेंहि पुस्तक उघडलें तर त्यांत एक उपदेश हमखास सांपडतो: अमूर्त सिद्धान्त सांगूं नका, प्रत्यक्षांतील ठसठशीत उदाहरण द्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या ध्यानांत राहील. उपदेश खोटा नाहीं. पण ध्यानांत काय राहील, हें तीं पुस्तकें फारसें सांगत नाहींत. आमच्या पूर्वजांनीं मात्र हा प्रश्न विचारला होता, आणि तोहि मराठींत.

श्रीचक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर त्यांच्या शिष्यवर्गानें त्यांची वचनें, लीळा आणि दृष्टान्त एकमेकांच्या आठवणींतून गोळा करण्याचें जें प्रचंड काम तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत केलें, त्याच कामांतून केसोबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ निर्माण झाला. त्यांत ११४ दृष्टान्त आहेत. केसोबास संस्कृतांत निष्णात होते. त्यांनीं संस्कृतांत लिहूं नये, तसें केल्यानें आपल्या म्हाताऱ्या बायका ज्ञानाला मुकतील, असें नागदेवाचार्यांनीं त्यांना सांगितल्याची हकीकत महानुभाव वाङ्मयांत प्रसिद्धच आहे. म्हणजे श्रोता कोण आहे आणि त्याच्या पदरीं काय पडणार आहे, याचा विचार करूनच या लेखनाची भाषा ठरली. सांकेतिक लिपीच्या कुलुपांत हा ग्रंथ विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेरच्या लोकांस अज्ञात राहिला, हें महाराष्ट्राचें दुर्दैव होय.

आमच्या दृष्टीनें महत्त्वाची आहे ती या ग्रंथाची घडण. प्रत्येक प्रकरणाचीं तीन अंगें आहेत. प्रथम सूत्र, म्हणजे स्वामींचें सिद्धान्तवचन. मग दृष्टान्त, म्हणजे स्वामींनींच सांगितलेली लहानशी गोष्ट. नित्याच्या व्यवहारांतली, खेड्यापाड्यांतल्या कोणासहि ओळखीची वाटेल अशी. आणि शेवटीं दार्ष्टान्तिक: गोष्टींतली अमुक वस्तु म्हणजे सिद्धान्तांतील अमुक, गोष्टींत जें घडलें तें येथें असें लागू पडतें, असा जोड. पहिलीं दोन अंगें गुरूचीं. तिसरें केसोबासांनीं स्वतः घातलें. आंधळ्यांनीं हत्ती चाचपल्याची गोष्ट या ग्रंथांत आहे. ती चक्रधरांच्याहि फार पूर्वींची आहे. पाली ‘उदान’ ग्रंथांत ती बुद्धाच्या तोंडीं येते. पाय चाचपणारा खांब म्हणतो, कान चाचपणारा सूप म्हणतो, एवढें ऐकलें कीं लहान मूलहि हंसतें आणि ती गोष्ट कधीं विसरत नाहीं. पण ऐकणारा हंसून उठून जाऊं नये, ईश्वराविषयींचें आपलें ज्ञानहि असेंच एकांगी आहे हें त्याला उमजावें, यासाठीं तिसरें अंग हवें. केसोबासांना गुरूच्या गोष्टी जशाच्या तशा उतरवून थांबतां आलें असतें. तेवढ्यानेंहि ग्रंथ गोड झाला असता. परंतु गुरु समोर असतांना त्याच्या नजरेनें, आवाजानें, शिष्याच्या शंकेला दिलेल्या उत्तरानें जो जोड आपोआप होत होता, तो गुरु गेल्यावर कोणी तरी शब्दांत घालून ठेवणें अवश्य होतें, हें त्यांनीं ओळखलें.

नैयायिकांनीं हेंच फार पूर्वीं शास्त्राच्या भाषेंत सांगितलें होतें. पर्वतावर अग्नि आहे. कारण तेथें धूर आहे. जेथें धूर तेथें अग्नि, जसें स्वयंपाकघर. हा पर्वतहि तसाच धुरानें युक्त आहे. म्हणून त्यावर अग्नि आहे. प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय, निगमन. आम्ही विद्यार्थी असतांना ॲरिस्टॉटलचें तीन अवयवांचें अनुमान आम्हांस शिकविण्यांत आलें आणि त्याच्या तुलनेनें गौतमाचें पांच अवयवांचें अनुमान उगाच लांबलेलें आहे असेंहि सांगण्यांत आलें. इंग्रजीच्या चष्म्यांतून पाहण्याची संवय असल्यामुळें आम्हांस तें पटलेंहि होतें. आज वाटतें कीं, तर्काचा कारखाना म्हणून पाहिल्यास तो आक्षेप खरा असेल. पण दुसऱ्या माणसास पटवून देण्याची रीत म्हणून पाहिल्यास त्यांतील एकहि अवयव फालतू नाहीं. स्वयंपाकघर दाखवून नैयायिक थांबत नाहीं. श्रोत्याचा हात धरून तो त्याला पुन्हां पर्वताच्या पायथ्याशीं आणतो. त्या परत आणण्याचें नांव उपनय.

गणिताकडे वळलें तर हीच गोष्ट अधिक स्वच्छ दिसते. भास्कराचार्यांनीं ‘सिद्धान्तशिरोमणि’ इ. स. ११५० मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं रचला. ‘लीलावती’ हा त्याचाच पाटीगणिताचा भाग. त्यांत भुंगे कदंबावर जातात, वाऱ्यानें बांबू मोडतो, सरोवरांतील कमळ झुकून पाण्यांत बुडतें, मोर सापावर झडप घालतो. काव्यदृष्टीनें हीं उदाहरणें मनोहर आहेत यांत शंका नाहीं, आणि पाठ करून शिकण्याच्या त्या काळीं श्लोक, चित्र व अंक हीं एकत्र बांधलेलीं असणें हाच स्मृतीला मोठा आधार होता. परंतु ग्रंथाची रीत पाहा. आधीं करणसूत्र, मग उदाहरण, आणि त्यानंतर न्यास. न्यास म्हणजे उदाहरणांतील अंक व आकृति तेवढी वेगळी काढून मांडणें. न्यास मांडला कीं मोर उडून जातो, साप बिळांत जातो, आणि पाटीवर नऊ व सत्तावीस उरतात.

दोन उदाहरणें शेजारीं ठेवूं. बत्तीस हात उंचीचा बांबू वाऱ्यानें मोडला आणि त्याचा शेंडा बुडापासून सोळा हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? दुसरें: नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशीं सापाचें बीळ आहे, आणि खांबाच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येत आहे. मोरानें तिरपी झडप घातली. दोघांनीं सारखीच वाट चालली असेल तर बिळापासून किती हातांवर गांठ पडली? पहिल्यांत उभी बाजू आणि कर्ण यांची बेरीज दिली आहे. दुसऱ्यांत आडवी बाजू आणि कर्ण यांची. सोळाच्या वर्गास बत्तिसानें भागून आलेले आठ बत्तिसांतून वजा करा व निम्मे करा: बारा. नवाच्या वर्गास सत्ताविसानें भागून आलेले तीन सत्ताविसांतून वजा करा व निम्मे करा: पुन्हां बाराच. बांबू आणि मोर हीं वरून पाहतां एकमेकांचीं कोणीहि नव्हेत. आंतून तीं एकच आहेत. ज्याला एकच गोष्ट सांगितली त्याला मोर आठवतो. ज्याला दोन्ही सांगितल्या आणि तुलना करावयास लावली त्याला काटकोन त्रिकोण आठवतो.

ही आमची पदरची कल्पना नव्हे; अलीकडच्या मानसशास्त्रज्ञांनीं तिची परीक्षा केलेली आहे. गिक आणि होलिओक या अमेरिकेंतील दोघां संशोधकांनीं १९८० मध्यें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक गोष्ट वाचावयास दिली. एका सेनापतीला किल्ला घ्यावयाचा आहे. पण मोठी फौज एका वाटेनें गेली तर वाटेंतले सुरुंग उडतील. म्हणून तो फौजेच्या लहान तुकड्या करून सर्व वाटांनीं एकाच वेळीं किल्ल्यावर नेतो. पुढें त्याच विद्यार्थ्यांना वैद्यकांतील एक कोडें घातलें. पोटांतील गांठ किरणांनीं नष्ट करावयाची आहे. तीव्र किरण वाटेंतील निरोगी भाग जाळील, मंद किरण गांठीला पुरणार नाहीं. तर काय करावें? उत्तर उघड आहे: अनेक दिशांनीं मंद किरण एकाच जागीं आणावेत. गोष्ट नुकतीच वाचलेली असूनहि बहुसंख्य विद्यार्थ्यांना तिचा येथें कांहीं उपयोग आहे हें आपण होऊन सुचलें नाहीं. ‘त्या गोष्टीचा उपयोग करा’ असें म्हणतांच त्यांतील बहुतेकांना उत्तर सांपडलें. पुढें १९८३ मध्यें त्याच संशोधकांनीं असें दाखविलें कीं, एकाऐवजीं दोन निरनिराळ्या गोष्टी देऊन त्यांची तुलना करावयास लावलें म्हणजे आपण होऊन सुचण्याचें प्रमाण वाढतें. गोष्ट स्मरणांत असणें आणि वेळेवर ती हातीं येणें, या दोन भिन्न गोष्टी ठरल्या.

युरोपांतील एका थोर शिक्षकाचेंहि नांव येथें घेतलें पाहिजे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें १८२५ पासून नाताळांत मुलांकरितां व्याख्यानें सुरू झालीं. तेथें मायकेल फॅरडे यानें मेणबत्तीवर दिलेली व्याख्यानमाला १८६१ मध्यें ग्रंथरूपानें निघाली. व्याख्यानें सहा, पण उदाहरण एकच, आणि तेंहि त्या काळीं प्रत्येक घरांत जळणारें. प्रत्येक व्याख्यानांत तो मेणबत्तीकडे परत येतो आणि शेवटीं मनुष्याचा श्वास म्हणजे एका परीनें तेंच ज्वलन आहे येथवर मुलांना आणून सोडतो. चमत्कारिक उदाहरण शोधण्याची त्याला गरज पडली नाहीं. ओळखीच्या वस्तूकडे सहा वेळां परत येणें हीच त्याची युक्ति होती.

भास्कराचार्यांच्याच संबंधानें आणखी एक हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण ती आमच्या जिव्हारीं लागली. लीलावतीचें नांव काढतांच सुशिक्षित मराठी माणसास काय आठवतें? करणसूत्र नव्हे, न्यासहि नव्हे. आठवतें तें असें कीं, लीलावती ही त्यांची कन्या. तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठीं त्यांनीं घटिकापात्र लावलें. मुलगी कौतुकानें वांकून पाहूं लागली, तिच्या अलंकारांतील मोतीं पात्रांत पडून छिद्र बुजलें, मुहूर्त टळला, आणि पित्यानें तिचें नांव चिरंतन करण्यासाठीं ग्रंथास तें दिलें. गोष्ट हृदयंगम आहे. पण भास्कराचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाहीं. तेथें लीलावतीला संबोधन आहे, ‘बाले’ अशी हांक आहे. मोतीं नाहीं, मुहूर्त नाहीं. ती कथा आपल्यापर्यंत आली ती अकबराच्या दरबारांतील फैजीनें १५८७ मध्यें केलेल्या फारसी भाषांतराच्या प्रस्तावनेंतून. मूळ ग्रंथानंतर चारशें सदतीस वर्षांनीं! खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापल्याचा शिलालेख आहे. तेराव्या शतकाच्या आरंभीचा तो दगड डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. त्यावर घराण्याची वंशावळ आहे, मठाला दिलेल्या उत्पन्नाची नोंद आहे. तो दगड किती जणांच्या ध्यानांत आहे? मोतीं मात्र सर्वांच्या.

हें लिहितांना आमचें आम्हांसच हसूं आलें. मोतीं, चिठ्ठी, आंगठा: सगळ्यांची जात एकच. मग आम्हांस एकाएकीं सुचलें कीं हेंच तर दुसरें उदाहरण! बांबूशेजारीं मोर ठेवावा तशी चिठ्ठीशेजारीं मोतीं ठेवावें.

यंदा आम्हीं तसें केलें. ‘ध’ पुसणें सोडलें नाहीं. इतकी वर्षें साथ दिलेली युक्ति टाकवत नाहीं, आणि तिच्यावांचून मागचे बाक जागे होत नाहींत. पण तो प्रयोग होतांच, वर्गाला श्वास घेऊं न देतां, लीलावतीची गोष्ट सांगितली. मुलें गोंधळलीं. पेशवाईंतून एकदम बाराव्या शतकांत कशाला, असें त्यांच्या चेहऱ्यांवर स्पष्ट दिसत होतें. मग फळा पुसून न्यास मांडला. एका ओळींत १७७३ आणि १८२६, दुसरींत ११५० आणि १५८७. प्रत्येक ओळीखालीं वजाबाकी मुलांकडूनच करविली: ५३ आणि ४३७. यापलीकडे एक शब्द बोललों नाहीं. प्रश्न आम्ही आजवर स्वतः विचारीत आलों होतों. तो आतां त्यांनीं विचारावा, आणि विचारीपर्यंत आपण खडू खालीं ठेवावा, असें ठरविलें होतें.

दोन-तीन मिनिटें फार अवघड गेलीं. अध्यापकाला वर्गांतील शांतता सहन होत नाहीं. घसा खाकरून उत्तर सांगून टाकावें असें अनेकदां मनांत आलें. अखेर एका मुलानें हात वर केला आणि म्हणाला, “सर, मधल्या वर्षांत ही गोष्ट कोणाजवळ होती?” आमच्या तयार प्रश्नाहून हा प्रश्न सरस होता हें कबूल केलें पाहिजे. त्यानंतर चिठ्ठी कोठें आहे, फैजीला कोणीं सांगितलें, ग्रँट डफ कोणाकोणाशीं बोलला असेल, अशी झुंबड उडाली. तास संपला तेव्हां एक मुलगी दाराशीं थांबली. त्यांच्या गांवच्या जुन्या वाड्याची एक कथा आहे, तळघरांत कोणाला तरी बंद केल्याची. ती आजीनें सांगितली, आजीला कोणीं सांगितली तें सुटींत विचारून येतें, असें ती म्हणाली.

त्या जुन्या विद्यार्थ्याला आम्हीं हें सगळें पत्रांत कळविलें. ग्रँट डफचें सालहि लिहिलें आणि न सांगितलेल्या अर्ध्या तासाची क्षमाहि मागितली. कारण तो तास आमच्याकडून सांगितला गेला असला तरी त्याच्या पदरीं पडला नव्हता. त्याचें उत्तर परवांच आलें. तो लिहितो, वर्गास पुन्हां बोलावून त्यानें फळ्यावर तोच शब्द लिहिला आणि या वेळीं एका विद्यार्थ्याला पुसावयास सांगितलें. पोरानें ‘ध’ पुसला, खडू हातांत धरला, आणि ‘मा’ लिहिण्यापूर्वीं मागें वळून विचारलें, “सर, खरेंच असें लिहिलें होतें का?”